रडत नाही म्हणून गुणाचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत मागच्या रविवारी ‘बाळ हुशार निघणार हे कसं ओळखाल’ अशा धर्तीचा मजकूर होता. टक लावून बघणारं, लवकर मान धरणारं, कमी झोपणारं बाळ म्हणे बुद्धिमान. त्याच आठवड्यात आमच्याकडे नातवाचं बारसं झालं. ओळखीतून आलेल्या एका गृहस्थांनी बाळाच्या दहाही बोटांचे ठसे घेऊन त्याची बुद्धी ‘मोजून’ द्यायची तयारी दाखवली. साडेपाच हजार रुपये, बारशानिमित्त पाचशे कमी. “आजी, पोटात मेंदू आणि बोटांवरच्या रेषा एकाच वेळी तयार होतात,” असं त्यांचं शास्त्र. मी म्हटलं, नखंही साधारण त्याच सुमाराला येतात, मग नखं बघून सांगता का? घुगऱ्या खाऊन गेले बिचारे. पाचवीच्या रात्री आपण पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतो, सटवाई येऊन नशीब लिहून जाते म्हणून. ती निदान पैसे तरी घेत नाही.

मी करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत एकतीस वर्षं आरोग्यसेविका होते. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात हे ऐकतच म्हातारी झाले. पाळण्यात काहीच दिसत नाही असं मी म्हणणार नाही, पुष्कळ दिसतं. तीन दिवसांच्या आतलं बाळसुद्धा आईचा आवाज ओळखतं. १९८० साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी दाखवलं, की ठरावीक लयीत चोखणी चोखल्यावर आईचा आवाज ऐकायला मिळणार असेल तर बाळ आपली चोखायची लय बदलतं. २००९ साली जर्मनीतल्या वेर्मके बाईंनी फ्रेंच आणि जर्मन बाळांचं रडणं तपासलं, तर फ्रेंच बाळांचा सूर चढत जाणारा आणि जर्मन बाळांचा उतरत जाणारा निघाला. घरात जी बोली चालते तिची चाल पोटात असतानाच कानावर पडलेली असते. आपल्याकडे अभिमन्यूची गोष्ट आहे म्हणून याचं कुणाला फारसं नवल वाटत नाही. चक्रव्यूह मात्र कुणी पोटात शिकत नाही, एवढं सुनांच्या पोटावर मोबाईल ठेवून इंग्रजी पाढे लावणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

नातू आठ दिवसांचा असताना मी एक करून बघितलं. तो हलक्या झोपेत होता. कुंचीच्या बाजूला वीतभर अंतरावर खुळखुळा वाजवला. पहिल्यांदा दोन्ही हात फेकून दचकला. दुसऱ्यांदा नुसत्या पापण्या मिटल्या. तिसऱ्यांदा श्वास जरा अडखळला, आणि पाचव्यांदा काहीच नाही. हा आवाज आपल्या कामाचा नाही हे त्याने ठरवून टाकलं. ब्राझेल्टन नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी १९७३ मध्ये नवजात बाळांसाठी जी तपासणी बसवली, तिच्यात खुळखुळा, घंटी आणि बॅटरीचा उजेड वापरून हेच बघतात. नकोशा गोष्टीकडे दुर्लक्ष करणं ही बुद्धीचीच खूण आहे. पण हे बहुतेक सगळ्या निरोगी बाळांना येतं. त्यावरून दहावीला कोण किती टक्के काढणार हे सांगता येत नाही. पहिल्या खुळखुळ्यालाही बाळ दचकलं नाही, तर मात्र बसून विचार करावा.

तो विचार मी स्वतः केला नाही, म्हणून हे पत्र.

१९८८ सालची गोष्ट. माझ्या भावाला मुलगी झाली. गंगावेशीजवळच्या घरात माणसांचा राबता, पण पोरगी कशी शांत. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गल्लीत माळा फुटत होत्या आणि ही दुपट्यात गाढ झोपलेली. आई म्हणाली, “लई गुणाचं लेकरू हाय बघ, भीतच न्हाई.” मी नर्स, आणि मी हो म्हणून मान डोलावली. दार आपटलं की ती वळून बघायची, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. ती धक्क्याने वळत होती, आवाजाने नव्हे, हे कळायला फार दिवस गेले. दोन वर्षांची झाली तरी शब्द फुटेना, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, उशिरा बोलणारी मुलं हुशार असतात. आणखी आठ महिने त्यात गेले. मग मिरजेला नेलं. दोन्ही कान जन्मापासून बंद.

आज ती भाची मशिनवर भरतकाम करते आणि घरातले सगळे हिशोब तिच्याकडेच असतात. बुद्धीला तोटा नव्हताच. तिच्यापर्यंत भाषा पोचवायला आम्ही जवळजवळ तीन वर्षं उशीर केला.

जन्मतः ऐकू न येणारी बाळं हजारात एकदोन तरी असतात. आता तपासणी सोपी आहे. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची बारीक नळी ठेवतात, टकटक आवाज सोडतात, आणि कान चांगला असेल तर आतून येणारा प्रतिध्वनी मशिन टिपतं. काही मिनिटांचं काम, सुई नाही की रडणं नाही. एका महिन्याच्या आत ही तपासणी, शंका असेल तर तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू, असा हिशोब डॉक्टर लोक सांगतात.

दुसरी गोष्ट थायरॉईडची. ‘किती झोपतं, रडतच नाही, दुधालासुद्धा उठवावं लागतं’ असं आपण कौतुकाने सांगतो त्यातलं एखादं बाळ थायरॉईडची ग्रंथी नीट काम करत नाही म्हणून तसं असतं. कावीळ लांबते, शौचाला कडक होते, जीभ जाडसर दिसते. कित्येकांत तर सुरुवातीला काहीच दिसत नाही आणि तोवर मेंदूची वाढ मागे पडत जाते. जन्मानंतर दोनतीन दिवसांनी टाचेतून काढलेल्या चार थेंब रक्तात हे कळतं. पहिल्या दोन आठवड्यांत रोजची छोटी गोळी सुरू झाली, तर ते मूल इतरांसारखंच शिकतं. बाळाची बुद्धी वाचवणारी गोष्ट कुठली असेल तर ही, आणि बाळंतविड्याच्या यादीत ती कुणी लिहीत नाही.

म्हणून विनंती अशी, की हुशारीच्या खुणांची चौकट पुन्हा छापाल तेव्हा तिच्यात दोन ओळी घाला: कानाची तपासणी झाली का, आणि टाचेच्या रक्ताचा रिपोर्ट हातात आला का. दवाखान्यातून घरी जाताना हे विचारावं. राहून गेलं तर आशाताईंना, म्हणजे आपल्या भागातल्या आशा स्वयंसेविकांना, विचारावं. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तरी त्या तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येतात. त्यांना नुसता चहा पाजून पाठवू नये.

बारशाला भाची आली होती. पाळण्यावर वाकून तिने जीभ बाहेर काढली, तर बाळानेही काढली. सगळ्या बायका एकदम “बघा, नक्कल करतंय!” १९७७ मध्ये मेल्टझॉफ आणि मूर या संशोधकांनी असंच लिहिलं होतं, पण २०१६ मध्ये मोठ्या पाहणीत तसं आढळलं नाही, त्यामुळे मी गप्प राहिले. भाचीने माझ्याकडे बघितलं, आपल्या कानाला बोट लावलं, मग पाळण्याकडे दाखवून भुवया उडवल्या. झाली का?

टाचेचा रिपोर्ट आला होता. कानाचं राहिलं होतं. एकतीस वर्षांची नोकरी, आणि राहिलं होतं. मंगळवारी करून आणलं, दोन्ही कान चांगले आहेत. तिला लगेच मेसेज केला.

आपली वाचक,
एक सेवानिवृत्त आरोग्यसेविका,
शिवाजी पेठ, कोल्हापूर