बटण दाबल्यावर कोण येतं

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

बाबा, गस्तीवरचा पोलिसच संकटात सापडला तर त्याच्या मदतीला कोण जातं, असं तुम्ही विचारलंत. "सगळे जातात" हे उत्तर सोपं, पण खरं नाही. सगळे गेले की घात होतो.

बहुतेक वायरलेस सेटच्या वर, अँटेनाजवळ, नारिंगी किंवा लाल बटण असतं. ते क्षणभर दाबून धरावं लागतं. दाबलं की कंट्रोलच्या, म्हणजे नियंत्रण कक्षाच्या, स्क्रीनवर त्या सेटचा क्रमांक झळकतो, चॅनलवर बाकीच्यांपेक्षा त्याला आधी वाट मिळते आणि पुष्कळ यंत्रणांत काही सेकंद माइक आपोआप उघडा राहतो. हात अडकलेला माणूस बोलू शकला नाही तरी झटापट ऐकू येते. जीपीएस असेल तर ठिकाणही दिसतं, पण त्याच्यावर फार विसंबू नये. तळघरात, दाट इमारतींत ते जुनंच ठिकाण दाखवत राहतं, आणि मजला तर सांगतच नाही. म्हणून गाडीतून उतरण्याआधीच ठिकाण, थांबवलेल्या गाडीचा नंबर आणि समोर किती माणसं आहेत, हे कंट्रोलला कळवायचं असतं. कंटाळवाणं वाटतं, पण पुढची सगळी मदत त्या एका वाक्यावर चालते.

बटण चुकूनही दाबलं जातं. सीटबेल्ट लावताना, गाडीत बसताना. तरी खात्री होईपर्यंत प्रत्येक हाक खरीच धरतात. "ठीक आहेस ना?" एवढं विचारून भागत नाही, कारण शेजारी कोणी धमकावत उभा असेल तर "हो" असंच उत्तर येणार. त्यासाठी आधी ठरवलेला साधासा शब्द असतो.

हाक आली की चॅनलवर बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं. दोघं एकदम बोलले तर साध्या सेटवर खरखर होते किंवा जोरदार सिग्नलवाला दुसऱ्याला गिळतो, आणि अडकलेल्याचा सेट बहुधा कमजोरच ठरतो. "मी निघालो" सांगण्याच्या उत्साहात नेमका त्याचाच आवाज बुडतो. कोणी जायचं ते कंट्रोल ठरवतं: जवळच्या दोन-तीन गाड्या. बाकीच्यांनी आपापला भाग सोडायचा नाही.

खरा धोका रस्त्यावर असतो. पाच किलोमीटरला ताशी ६०ने ५ मिनिटं लागतात, ८०ने पावणेचार. सव्वा मिनिट वाचतं. मात्र वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं, आणि ताशी १२०ला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. त्यात दोन पोलीस गाड्या एकाच चौकात दोन बाजूंनी आल्या, तर स्वतःच्या सायरनमुळे दुसरीचा सायरन ऐकूच येत नाही. म्हणून कुठल्या रस्त्याने येतोय ते आधी सांगायचं आणि चौकात वेग खरोखर कमी करायचा. सायरनने वाट मागता येते, ती मिळालीच असं धरता येत नाही.

पोहोचल्यावर दारासमोर गाडी लावायची नाही. रुग्णवाहिकेची वाट मोकळी हवी. किल्ली काढायची, नाहीतर गाडीच पळवली जाते. मग दोन-तीन सेकंद फक्त बघायचं: हात कुणाचे, हत्यार कुठे, आपला माणूस कुठे. हल्लेखोराला मध्ये ठेवून सहकाऱ्याच्या समोरासमोर उभं राहायचं नाही, गोळी सुटली तर ती आपल्याच माणसाकडे जाते. साध्या वेशातल्यांनी शक्यतो वर्दीवाल्यांना पुढे जाऊ द्यावं. वर्दीवाल्याने ओळखलं नाही आणि दरडावलं तर हातात पिस्तूल घेऊन वळायचं नाही, जागच्या जागी थांबून ओळख ओरडून सांगायची.

हल्लेखोराला बेड्या पडल्या की त्याच्या पाठीवरून लगेच उठायचं आणि त्याला कुशीवर वळवायचं. पालथ्या माणसावर वजन राहिलं तर श्वास कोंडून तो मरू शकतो. रागाच्या भरात नेमकं हेच विसरलं जातं, म्हणून ते आठवण करून देणारा एक शांत माणूस तिथे हवाच.

सहकाऱ्याच्या हातापायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या ५ ते ८ सेंटीमीटर वर, धडाच्या बाजूला, टूर्निकेटचा म्हणजे रक्त थांबवायचा आवळपट्टा बांधायचा, सांध्यावर नाही, आणि रक्त थांबेपर्यंत आवळायचा. वेळ लिहून ठेवायची, पट्टा मध्येच सैल करायचा नाही. काखेत, जांघेत पट्टा बसत नाही. तिथे जखमेत गॉज कोंबून जोराने दाबून धरावं लागतं. "मला काही झालं नाही" म्हणणाऱ्यालाही पुढून-मागून तपासायचं. त्या धुंदीत वार झालेला कळत नाही.

आटोक्यात आलं की पहिल्या माणसाने "पुरे, आणखी नको" सांगायचं. सायरनमध्ये ते ऐकू जात नाही, म्हणून कंट्रोल एकेका गाडीला नावाने थांबवून पोच घेतं. बटण दाबलेला सेट पूर्ववत करायचा, नाहीतर यंत्रणा तो प्रसंग चालूच आहे असं धरते.

आई, अशा वेळी फोन घेता येत नाही, म्हणून माझा फोन लागला नाही तर लागोपाठ करू नकोस. एक मेसेज टाक, मोकळी झाले की मीच करेन. आणि माझा रक्तगट, औषधाची अ‍ॅलर्जी आणि तुमचा बदललेला नंबर कार्यालयातल्या नोंदीत घालायचा आहे. नवा नंबर तेवढा बाबांकडून लिहून पाठव.

तुमची,
लेक