पिल्लू बघून हो म्हणू नकोस

बिंगली, १४ नोव्हेंबर

प्रिय नंद्या,

फोटो मिळाले. एअरडेल टेरियरचं हे पिल्लू घ्यावं का, असं विचारलंस. पिल्लू गोड आहे, वादच नाही. पण आज इराच्या मांडीवर मावणारं हे काळं गाठोडं वर्षभरात पंचवीस किलोचं होईल आणि खांद्यापाशी दोन फूट भरेल. टेरियर म्हटलं की तुला शेजारच्या आजींचं तुरुतुरु धावणारं कुत्रं आठवतं. एअरडेल तसलं नव्हे रे.

ही जात आमच्या इथलीच. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या या एअर नदीच्या खोऱ्यातल्या कामकरी लोकांनी टेरियरमध्ये ऑटरहाउंड हे शिकारी कुत्रं मिसळून ती घडवली, पाण्यात उतरून पाणमांजरामागे लागायला आणि काठावरचे उंदीर मारायला. हुकमाची वाट न बघता स्वतःच ठरवणारं कुत्रं त्यांना हवं होतं. ते त्यांना मिळालं, आणि आता आमच्या स्वयंपाकघरात राहतंय. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने याच जातीची कुत्री आघाडीवर निरोप पोचवायला वापरली म्हणे. आमचा खंड्या कालव्याच्या काठी बदक दिसलं की माझी हाकसुद्धा पोचू देत नाही.

श्रावणातली गोष्ट तुला सांगितलीच नाही. आई इथे होती, सत्यनारायण घातला होता. शिऱ्याचं पातेलं ओट्यावर, अगदी आत सरकवून ठेवलेलं. आरती चालू असताना साहेब मागच्या पायांवर उभे राहिले आणि अर्धं पातेलं साफ. दाढीला तूप, जमिनीवर दोनच बेदाणे. बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते हे मला ठाऊक होतं, म्हणून सोवळ्यातच गाडी काढली. डॉक्टरांनी उलटी करवली, रात्रभर सलाइन लावलं. वाचला. आई अजून विचारते, "प्रसाद बाधतो कसा रे?" कांदा-लसूणही कुत्र्यांना चालत नाही, म्हणजे आपल्या घरातलं उरलंसुरलं बहुतेक बादच.

केस फारसे गळत नाहीत असं तुला कोणी सांगितलं, ते खरं आहे. पण मेलेले केस अंगावरच राहतात. ते चिमटीने उपटावे लागतात. मशीन फिरवलं की राठ केस मऊ होतात, रंग उतरतो. मी दर दोन रविवारी कोंबडी सोलायला बसल्यासारखा मागच्या दारी बसतो. दाढीचं तर विचारूच नकोस. पाणी प्यायला की स्वयंपाकघरापासून सोफ्यापर्यंत थेंबांची रांगोळी.

इथवरचं सगळं निभतं. मला खरी काळजी तुमच्या दिवसाची वाटते. तुम्ही दोघं साडेसातला बाहेर पडता, इरा तीनला सुटते. एवढा वेळ एकटं ठेवलं तर हे डोकं स्वतःला काम शोधतं. आमच्याकडे त्याने जिन्याची खालची पायरी कुरतडली. एप्रिलमध्ये काकू सांगलीहून येणार, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या. तो चावणार नाही, पण प्रेमाने अंगावर उडी घेईल, आणि पंचवीस किलोचं प्रेम त्यांना झेपायचं नाही. म्हणून स्पष्ट लिहितो: या खेपेला नको म्हण. इरा दहा-अकराची होऊ दे, तुमच्यापैकी एकाचं काम घरून सुरू होऊ दे, मग बघू. तेव्हाही पिल्लू आईजवळ असतानाच बघ आणि आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे माग. विकणारा "आई दुसरीकडे आहे" म्हणाला की तिथून उठायचं.

वहिनींना हे पटणार नाही, माहीत आहे. मग असं करा, नाताळच्या सुट्टीत चार दिवस इकडे या. सकाळी साडेसहाला, अंधारात, भुरभुर पावसात खंड्याला तू फिरवायचं. माळावर मेंढ्या असतात, तिथे पट्टा सोडायचा नाही. मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्याला शेतकऱ्याने गोळी घातली तर कायदा बऱ्याचदा त्याच्या बाजूने असतो. घरी आल्यावर दाढी पुसायची वहिनींनी. गमबूट आण, तुझ्या मापाचे इथे नाहीत. शिरा करू, बिनबेदाण्यांचा.

तुझा,
अव्या