घोरता का, हे पेशंटला विचारून भागत नाही

मा. आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंटला "घोरता का?" असं विचारलं की बहुतेक वेळा "छे हो!" असं उत्तर येतं. मग शेजारी बसलेली बायको तोंड उघडते. "डॉक्टर, घोरण्याची सवय झालीय. ते मधेच बंद पडतं ना, त्याची भीती वाटते. मी कोपराने ढोसते, मग परत सुरू." तोवर केसपेपरवर 'फिट' असा शेरा पडलेला असतो.

ते मधेच बंद पडणं म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घसा सैल पडून श्वासाची वाट मिटते, १० सेकंद, कधी त्याहून बरीच जास्त. ऑक्सिजन उतरला की मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो आणि श्वास पुन्हा चालू होतो. भुलेचा उरलेला अंमल आणि मॉर्फिनसारखी औषधं नेमकी हीच जाग येऊ देत नाहीत. त्यात पेशंट उताणा, नाकाला ऑक्सिजन. बोटावरचं यंत्र ऑक्सिजन ९७ टक्के दाखवत राहतं. श्वास मंदावून कार्बन डायऑक्साइड साठतोय, हे त्या यंत्राला कळत नाही. नातेवाईक म्हणतात, "चला, शांत झोप लागली."

हृदयाचं दुखणं याला चिकटूनच येतं. मोठं ऑपरेशन होणाऱ्या, हृदयाला धोका असलेल्या १,२१८ रुग्णांचा पाच देशांतला अभ्यास २०१९ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आपल्याला हा आजार आहे हे त्यांच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. निघाला दोन-तृतीयांश जणांना. तो तीव्र असलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकांना महिन्याभरात हृदय-रक्तवाहिन्यांचा त्रास झाला. आजार नसलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं.

म्हणून सगळ्यांच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, काढा असं मी म्हणत नाही. मोतीबिंदूआधीच्या सरसकट चाचण्यांनी गुंतागुंत कमी होत नाही, हे २००० सालीच दिसून आलंय. दोन जिने न थांबता चढता का, छातीत दुखतं का, रात्री धाप लागून उठता का, हे आधी नीट विचारावं. शंका आली तरच पुढची तपासणी. घोरण्यासाठी 'स्टॉप-बँग' ही आठ प्रश्नांची यादी २००८ पासून आहे. तिला कागद, वजनकाटा आणि मानेचा घेर मोजायला टेप एवढंच लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑपरेशनपूर्व यादीत अ‍ॅलर्जी आहे, अपेक्षित रक्तस्राव आहे, घोरणं मात्र नाही. आपण ते घालायला कुणाची हरकत असेल असं वाटत नाही.

फक्त हे प्रश्न ऑपरेशनची तारीख देतानाच विचारले जावेत, आणि पेशंटच्या खोलीत झोपणाऱ्या माणसालाही. आदल्या संध्याकाळी मला कळून उपयोग काय? तेव्हा झोपेची तपासणी करायला वेळ नसतो आणि सर्जनची यादी लागलेली असते. 'स्टॉप-बँग'मध्ये आठपैकी पाच किंवा जास्त गुण आले तर पहिल्या रात्री सतत लक्ष ठेवता येईल अशी खाट राखून ठेवावी. नुसता गुण लिहून फाइल बंद करायची असेल, तर तो न काढलेलाच बरा.

आणि भरती होतानाच्या सूचनापत्रात एक ओळ वाढवा: सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) वापरत असाल तर सोबत आणा. माझ्या एका पेशंटने ते कपाटात कुलूपबंद करून ठेवलं होतं. सूचनापत्रात लिहिलं होतं, 'मौल्यवान वस्तू आणू नयेत.'

आपला,
एक भूलतज्ज्ञ