गणिताच्या भाषणांना शेतकऱ्यांनाही बोलवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२२ डिसेंबरला रामानुजन यांची जयंती, म्हणून राष्ट्रीय गणित दिन, आणि मग बऱ्याच कॉलेजांत 'विविध क्षेत्रांत गणिताचा उपयोग' यावर विद्यार्थ्यांची भाषणं ठेवतात. आमच्या भागातल्या एका कॉलेजात मी पण जाऊन बसलो होतो. खरं सांगू का, बहुतेक पोरांनी नेटवरून उचललेल्या स्लाइड वाचून दाखवल्या, सूर्यफुलात फिबोनाचीची आकड्यांची साखळी, मग एआय, मग टाळ्या. गणित सगळीकडे आहे म्हणे, पण ते तिथे नक्की करतं काय ते कोणी सांगेना.

एक मुलगी मात्र पीक कापणी प्रयोगावर बोलली. तालुक्याचं उत्पन्न काढायला काही सगळी शेतं कापत नाहीत, रँडम पद्धतीने थोडी निवडतात, त्यात मोजून प्लॉट आखतात आणि तेवढ्याच पिकाचं वजन करतात. आता प्लॉटच्या कडेची रोपं आत धरायची का बाहेर, इथेच घोळ होतो आणि कापणारा सहसा ती आतच धरतो. तिने फळ्यावर मांडलं, १ मीटरच्या चौकोनात चारी बाजूंनी ५ सेंटीमीटर जास्त कापलं गेलं तर पीक २१ टक्के जादा भरतं, १० मीटरच्या चौकोनात तीच चूक झाली तर फक्त २ टक्के! आणि पीक विमा याच आकड्यावर ठरतो, म्हणजे कागदावर उत्पन्न वाढलं की विम्याची भरपाई घटली, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको. लहान प्लॉटमधला हा दोष आपल्याच जिल्ह्यातल्या बुध गावच्या संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दाखवला होता, तेही महालनोबिस यांच्यासारखा मोठा संख्याशास्त्रज्ञ लहान प्लॉटच्या बाजूने असताना. हॉलमधल्या किती जणांनी त्यांचं नाव ऐकलं असेल देव जाणे.

आणि प्रश्न विचारायला वेळ किती, तर शून्य, कारण पाहुण्यांचा सत्कार राहिला होता.

आयोजकांना एवढंच म्हणणं आहे की भाषणं निम्मी करा पण प्रत्येकाला एक तरी गणित फळ्यावर सोडवायला लावा. विषय कमी नाहीत, गणितज्ञ दा. ध. कोसंबींनी जुनी नाणी वापरात किती झिजली ते वजनावरून बघून त्यांचा काळ ठरवायची पद्धत काढली, ती सोन्याचांदीच्या दुकानातला तराजू आणून पण दाखवता येईल. पीक कापणीवर बोलणार असाल तर कृषी सहायक आणि चार शेतकरी पुढच्या रांगेत बसवा, प्रश्न ते विचारतील.

— एक वाचक, सातारा