आमच्या घराचे नळे (छपराची कौले) परतून लावणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मजुरी घेतलीत, चहा प्यालात आणि संध्याकाळच्या फेरीबोटीने रायबंदरला गेलात. तुमच्या दृष्टीने हिशेब तिथे मिटला असेल. माझ्या मनात तो अजून मिटलेला नाही. माळ्यावरची गव्हाणी घुबडाची पिल्ले सगळी उडाली, सगळ्यात धाकटेसुद्धा. ही बातमी तुम्हाला द्यायची होती, आणि तुमचे आभार चारचौघांत मानायचे होते.

गोव्यातल्या आमच्या चोडण बेटावर पक्षी बघायला लांबलांबून माणसे येतात. बेटाच्या टोकाला खारफुटीत डॉ. सलीम अलींच्या नावाचे अभयारण्य आहे. गळ्यात भल्यामोठ्या लेन्स घातलेली ती माणसे थंडीत धक्क्यावर उतरतात. मला मात्र घराच्या बाल्कांवावर, पुढच्या ओट्यावर बसूनच पुष्कळ दिसते. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या अंगाला ब्राह्मणी घार सकाळपासून घिरट्या घालते. शिक्रा आंब्यात लपून सरड्यांवर टपलेला असतो. पाऊस सरला की उत्तरेकडचे भोवते, हे शिकारी पक्षी, येतात आणि खाजनावर, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांवर, अगदी खालून तरंगत जातात. आणि तिन्हीसांज झाली की आमच्या माळ्याच्या झरोक्यातून ते पांढरे, विड्याच्या पानासारख्या तोंडाचे पाखरू बाहेर पडते. डोक्यावरून गेले तरी आवाज म्हणून होत नाही, कारण त्याच्या पंखांच्या कडेची पिसे दातेरी असतात आणि ती हवा कापतानाच मऊ करतात. त्याचे दोन्ही कान एका पातळीवर नसतात, एक वर तर एक खाली. त्यामुळे काळोखात, गवताखाली चाललेला उंदीरही त्याला नुसत्या कानांनी नेमका सापडतो. शेतात उंदरांचा किती त्रास असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. तो कमी करणारा हा राखणदार आमच्या छपराखाली फुकट राहतो, आणि तरीही गावात त्याला अपशकुनी म्हणतात. लक्ष्मीच्या तसबिरीत तिच्या पायाशी बसलेले चालते, घरात नको!

दोन वर्षांपूर्वी नळे परतायला दुसरी माणसे आली होती. मी कामावर होते. संध्याकाळी परतले तेव्हा माळा झाडूनपुसून लख्ख होता, आणि मागीलदारी केरकचऱ्यात पांढरी अंडी फुटून पडली होती. विचारले, तर मुकादम म्हणाला, ‘‘घाण होती, काढून टाकली.’’ वर त्याचे जास्तीचे पैसे मागितले. पुढे कितीतरी महिने ती जोडी दिसली नाही. यंदा ती परत आली. एप्रिलमध्ये माळ्यावरून फुसफुस ऐकू येऊ लागली, साप फूत्कारतो तशी. पिल्ले आहेत हे मी ओळखले आणि एका कचेरीला फोन लावला. उत्तर मिळाले, पिल्ले जखमी असतील तर खोक्यात घालून आणून द्या. ती जखमी नव्हती, त्यांना फक्त त्यांच्या जागी राहू द्यायचे होते. त्यासाठी काय करावे हे त्या साहेबांना सांगता आले नाही. घुबडाला धरणे, त्याची अंडी किंवा घरटे उसकटणे हा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. हे त्यांच्यापेक्षा मलाच जास्त ठाऊक असावे, याचा राग अजून गेलेला नाही. मग एका ठेकेदाराला विचारले. तो म्हणाला, आधी धूर करू, मग झरोक्याला जाळी ठोकू.

तेवढ्यात कुणीतरी तुमचे नाव सुचवले.

छपराचे काम तुम्ही कसे केलेत ते लिहीत बसत नाही. वाळवी लागलेल्या रिपा तुम्ही बदलल्यात, फुटके नळे काढलेत, काम चोख झाले, पावसाचा एक थेंब आत आला नाही. मला सांगायचे आहे ते त्या दुपारचे. आढ्याखालच्या कोपऱ्यात नळे उचलताना तुम्ही हात वर करून दोघा पोरांना थांबवलेत. मी खाली शिडीपाशी होते. तुम्ही वरून हलक्या आवाजात म्हणालात, ‘‘बाय, हांगा पिलां आसात. हो कोनसो मागीर करूंया.’’ इथे पिल्ले आहेत, हा कोपरा नंतर करू. पण तिथल्या रिपा सडल्या होत्या, काढलेले नळे परत ठेवायला आधारच नव्हता, आणि मे महिन्यातले बाराचे ऊन सरळ त्या कापसाच्या गोळ्यांवर पडत होते. तेव्हा तुम्ही डोक्याला गुंडाळलेला टॉवेल सोडलात आणि दोन वाशांना बांधून त्यांच्यावर सावली केलीत. कुणी सांगितले नव्हते. मी गोणपाट शोधायला धावले, ते मिळून वर पोचेपर्यंत बराच वेळ गेला. तोवर तुम्ही त्या तापलेल्या छपरावर उघड्या डोक्याने काम करत होता.

काका, त्या टॉवेलने माझ्या डोळ्यांत पाणी आले. घुबडाबद्दल तुम्हाला प्रेम आहे की नाही, मला माहीत नाही. तुम्हाला फक्त एवढे दिसले की कुणाची तरी लेकरे उन्हात आहेत. पक्षी ओळखायला पुस्तक लागते, पण हे दिसायला काय लागते ते मला अजून नीट सांगता येत नाही. शिकलेल्यांत ते मी कमी पाहिले आहे. आपल्याकडे कमरेला कोयता आणि हाताला घट्टे असलेल्या पुष्कळ माणसांत ते असते. नारळ काढायला माडावर चढलेला पाडेली घारीचे घरटे दिसले तर ती नारळांची पेंड सोडून खाली उतरतो. त्याची बातमी कुठे छापून येत नाही.

पुढचे थोडक्यात सांगते. तुम्ही म्हणाला होता तसे कोपऱ्याचे काम पिल्लांना पिसे फुटल्यावर झाले, त्यासाठी तुम्ही आणखी एक खेप केलीत आणि तिचे पैसे घेतले नाहीत. झरोकाही मोकळा ठेवलात. घुबडाची मादी पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते, म्हणून पिल्ले एकाच वेळी न फुटता लहानमोठी असतात. आमच्याकडेही थोरले झरोक्याशी येऊन मान फिरवत बसायचे, तेव्हा धाकटे अजून आतच होते. अन्न कमी पडले तर आधी असे धाकटेच जाते. ते जगले. आता आईबापांबरोबर खाजनाच्या बांधावर बसलेले दिसते. माळ्यावर त्यांनी ओकलेल्या केसांच्या आणि हाडांच्या गोळ्यांचा थर पडला आहे. एक फोडून पाहिली, आत उंदरांच्या कवट्या निघाल्या.

आमच्या वाड्यावरची नळ्यांची घरे एकेक करून पडताहेत, तिथे स्लॅब येतो आहे. स्लॅबच्या घराला ना माळा, ना झरोका. जी राहिली आहेत त्यांतल्या दोन घरवाल्यांना मी तुमचा नंबर दिला आहे. एकाच्या माळ्यावरून रात्री फुसफुस येते म्हणे, आणि तो घाबरला आहे. पाऊस संपला की त्याचा फोन येईल. जाल तेव्हा शिडी लावण्याआधी त्याला तुमच्या तोंडून काय ते समजावून सांगा. माझे तो ऐकत नाही.

तुमची,
चोडणची बाय