पाण्याचा क्रम सभागृहात ठरवा, हिशेब प्राधिकरणाकडे सोपवा

मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

मोहोळ तालुक्यात कालव्याच्या एका चारीच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला, आमची साडेतीन एकर जमीन आहे आणि घर सोलापुरात. शेतात कालव्याचं पाणी सुटण्याची, म्हणजे पाळीची वाट बघायची, घरी नळाची. गेल्या पाळीला पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याबरोबर चारीच्या तोंडाशी गेलो. मोजपट्टी निम्मी गाळात गेलेली, वरचे आकडे पुसलेले. किती पाणी सुटलंय, असं विचारलं तर म्हणाला, "वरून फोन येतो तसं सोडतो." दोष त्याचा नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय.

2005 साली विधिमंडळाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. पिण्याला, शेतीला, उद्योगाला किती पाण्याचा हक्क, हे ठरवणं जाणकारांकडे दिलं. 2011 मध्ये दुरुस्ती झाली आणि वापरांमधलं वाटप मंत्रिमंडळाकडे गेलं.

मला दोन्ही गोष्टी पटत नाहीत. टंचाईत आधी कोणाला पाणी, हा पोटापाण्याचा आणि न्यायाचा प्रश्न आहे. तज्ज्ञांना आम्ही निवडून दिलेलं नाही, आणि चुकले तर पाडताही येत नाही. कायदेमंडळाला धोरण ठरवण्याचं आपलं मूळ काम दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्येच दिल्ली कायद्यांच्या प्रकरणात सांगितलं आहे. पण 2011 मध्ये ते काम सभागृहाकडे कुठे परत आलं? मंत्रिमंडळाच्या बंद खोलीत गेलं. तिथे कोण काय बोललं, हे आमच्या आमदारालाही कळत नाही.

हिशेबाचं मात्र वेगळं आहे. आमच्या उजनी धरणात 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 60 टक्क्यांपर्यंत गेलं, म्हणजे वरचा साठा संपून मृतसाठ्यालाही हात लागला. बाष्पीभवन किती, पिण्यासाठी राखून किती ठेवायचं, उरलेल्यात किती पाळ्या बसतात, हे गणित आहे. ते पाळ्यांवर चर्चा करणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत कोणाचा आवाज चढा, यावर सुटू नये. 2021 च्या एप्रिलमध्ये पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला उजनीतून 5 टीएमसी देण्यासाठी आदेश निघाला, सोलापूर पेटलं, मे महिन्यात रद्द झाला. मीही त्या विरोधात होतो. पण आदेश काढताना किंवा मागे घेताना पाण्याचा हिशेब आम्हा शेतकऱ्यांच्या हातात कोणी ठेवला नाही, ही बोच अजून आहे.

म्हणून मागणी करतो. वापरांचा प्राधान्यक्रम विधिमंडळात उघड चर्चेने, मतदानाने ठरवा आणि कायद्यात लिहा. त्या चौकटीत कोणाला किती घनमीटर, पाळी कधी, हे प्राधिकरणाला ठरवू द्या. सरकारला ते फिरवायचंच असेल, तर लेखी कारण पुढच्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांपुढे ठेवावं लागेल, असं कलम घाला. प्राधिकरणाने सुनावणी मुंबईत न घेता लाभक्षेत्रात घ्यावी, टेलच्या माणसालाही एसटीने जाता येईल अशा ठिकाणी.

आणि पुढच्या पाळीआधी मोजपट्ट्या रंगवून घ्या. आमच्या चारीवर पाटकऱ्याबरोबर उभा राहून रोजचा आकडा वहीत उतरवून घ्यायला मी तयार आहे.

आपला,
टेलचा एक शेतकरी,
सोलापूर