बाबांची फिट आणि मी केलेला गाढवपणा

महाल, नागपूर
14 डिसेंबर

प्रिय विन्या,

फोनवर तू दोनदा विचारलंस, बाबांना आता काय झालंय, आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. आई शेजारीच होती. तिच्यासमोर 'मिरगी' म्हणायची सोय नाही, 'फिट' चालतं.

मार्चमध्ये लकवा मारला तेव्हा तू येऊन गेलासच. डावी बाजू गेली होती, पाय व्यायामानं बराच सुधारला. मग तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बाबा चहा घेत होते आणि डाव्या हाताची बोटं आपोआप उडायला लागली. ते स्वतःच नवलानं बघत होते. उडणं कोपरापर्यंत गेलं, तोंड डावीकडे ओढलं आणि सगळं अंग ताठ होऊन झटके सुरू झाले. बाहेर मारबतीची मिरवणूक, "घेऊन जा गे मारबत" चा गजर, गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. शेजारचे काका ओरडले, "अबे, कांदा आण!" मी त्याहून शहाणा, दातखीळ उघडायला चमचा घातला. बाबांचा पुढचा दात त्यातच गेला. तोंडात काहीही घालायचं नसतं रे, कांदा-चप्पल हुंगवायचीही नाही. कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर सरळ 108. आमची दोन-अडीच मिनिटांत थांबली, पण वाटलं तासभर.

नंतर सुधारलेला डावा पाय पुन्हा लुळा. आई म्हणाली, पुन्हा लकवा मारला. सीटी स्कॅनमध्ये नवीन काही नव्हतं. फिटनंतर अशी कमजोरी येते आणि काही तासांत उतरते, हे तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी बाबा भिंत धरून उभे होते. पण हे घरी बसून ठरवायचं नाही, दवाखाना गाठायचाच.

डॉक्टरांनी समजावलं की लकव्यानं मेंदूत वण राहतो, त्याच्या कडेच्या पेशी भलत्या वेळी वीज सोडतात. पहिल्या सात दिवसांतली फिट वेगळी मानतात. महिन्यांनी आलेली एकच असली तरी पुन्हा येण्याचा धोका मोठा, म्हणून गोळी सुरू. लेव्हेटिरासिटॅम, सकाळ-संध्याकाळ. तिनं बाबा इतके चिडके झाले की टीव्हीचा रिमोट माझ्या अंगावर आला. आयुष्यात आवाज न चढवलेला माणूस! मला वाटलं आजारानं डोकं फिरलं, पण गोळीचाच प्रताप निघाला. आपल्या मनानं बंद केली नाही, डॉक्टरांनी बदलून दिली. आता बरंय. जागरण आणि चुकलेला डोस, दोन्ही घरात बंद.

लकवा झालेल्या प्रत्येकाला हे होत नाही, तेव्हा तुझ्या मामांच्या घरी उगाच घाबरवू नकोस. चमच्याचं मात्र नक्की सांग.

आई रोज गोळी दिली की कॅलेंडरवर टिंब काढते. फिटच्या तारखेवर फक्त लाल फुली आहे, शब्द नाही. सप्टेंबरनंतर फुली नाही. संत्री आहेत, ये. बाबा दात बसवायला तयार नाहीत, तुला दाखवायचाय म्हणे.

तुझा,
पक्या